पीस लिलीची पांढरी फुले हिरवी किंवा तपकिरी होतात तेव्हा काय तपासावे

पीस लिलीचे पांढरे फूल दर वेळी एकाच पद्धतीने रंग बदलत नाही, आणि कारण शोधताना या फरकाचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. त्यामुळे खत, औषध किंवा नवी कुंडी आणण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात फूल पुढून आणि मागून नीट पाहावे आणि खालीलपैकी कोणते वर्णन आपल्या झाडाशी जुळते ते आधी ठरवावे.

लक्षणे

उमलताना स्वच्छ पांढरे असलेले फूल काही आठवड्यांनी देठाकडून किंवा मागच्या मधल्या शिरेजवळून हिरवे होऊ लागते. हा हिरवा रंग हळूहळू सगळीकडे सारखा पसरतो आणि फूल मात्र ताठ व टवटवीत राहते. हे लक्षण सर्वांत जास्त आढळते.

नवे फूल उमलतानाच हिरवट असते आणि शेवटपर्यंत धड पांढरे होत नाही.

फुलाचे टोक आणि कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात आणि त्याच सुमारास पानांची टोकेही जळाल्यासारखी दिसू लागतात.

फुलाच्या फक्त खिडकीकडच्या बाजूला कागदासारखा कोरडा, फिकट तपकिरी डाग पडतो.

एका रात्रीत फुलावर आणि पानांवर पाणी मुरल्यासारखे गडद डाग उमटतात आणि ते दोन दिवसांत काळे पडतात.

पांढऱ्या भागावर चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतात आणि त्यांच्या आसपास सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात.

माती ओली असूनही झाड मान टाकते, फुले पिवळट तपकिरी होऊन लोंबतात आणि बुडख्याजवळची पाने एकामागून एक पिवळी पडतात.

फुलाखालच्या पानांवर पांढरी, पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर ते या यादीतील लक्षण नव्हे. ते फुलाच्या मधल्या दांड्यावरून गळालेले परागकण असतात आणि ओल्या फडक्याने पुसले की निघून जातात. भुरी, म्हणजे पानावर पांढरी भुकटी आणणारा बुरशीचा रोग, समजून त्यावर बुरशीनाशक फवारलेली झाडे मी पाहिली आहेत. नाशिकमध्ये द्राक्षामुळे भुरी हा शब्द घराघरांत माहीत आहे, त्यामुळे ही चूक होणे स्वाभाविक आहे. पण भुरी पानाला चिकटून वाढते आणि पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा उमटते, तर पराग फक्त फुलाच्या खाली, वरून सांडल्यासारखा पडलेला असतो.

गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या प्रवेशकक्षातील आणि जिन्यांतील कुंड्यांची देखभाल मी गेली अकरा वर्षे करत आहे. शेजारच्या काकू, नात्यातील मावश्या आणि त्यांच्या ओळखीचे लोकही आपापल्या कुंड्या घेऊन येतात. त्या सर्वांत पीस लिली सर्वाधिक आणि तक्रारही बहुतेक वेळा एकच असते: आणली तेव्हा फुले पांढरीशुभ्र होती, आता रंग गेला. याच एका तक्रारीमागे सहा-सात वेगवेगळी कारणे असतात, म्हणून मी तपासणीचा एक क्रम ठरवून घेतला आहे. ज्याला पैसा लागत नाही आणि झाडाला धक्काही बसत नाही ते आधी पाहायचे आणि ज्यासाठी मुळे उघडी करावी लागतात ते सर्वांत शेवटी.

तपासणीपूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी

आपण जिला पीस लिलीचे फूल म्हणतो ती पांढरी, होडीच्या आकाराची पाकळी म्हणजे पाकळी नसून रूपांतरित पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुले अगदी बारीक असतात आणि मधल्या खरबरीत दांड्यावर, म्हणजे स्थूलकणिशावर, दाटीने बसलेली असतात. स्पॅथिफायलम हे या झाडाचे शास्त्रीय नावही महाछद आणि पान या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. आपल्या अळूचे आणि सुरणाचे जे कुल तेच या झाडाचे. नावात लिली असली तरी खऱ्या लिलीशी याचे नाते नाही.

महाछद पान असल्यामुळे त्यात हरितद्रव्य तयार करण्याची क्षमता मुळातच असते. कोंब बाहेर येतो तेव्हा तो हिरवा असतो, उमलताना पांढरा होतो, आणि दांड्यावरील बारीक फुलांचे काम संपले की पुन्हा हिरवा होऊन झाडासाठी अन्न तयार करू लागतो. गुलाबाच्या किंवा मोगऱ्याच्या पाकळीला हे जमत नाही, म्हणून ती वाळून गळते. हे ध्यानात घेतले की पहिल्या लक्षणाची भीती उरत नाही आणि तपकिरी रंगाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. हिरवा रंग म्हणजे जिवंत पेशींनी केलेला बदल, तर तपकिरी रंग म्हणजे मेलेल्या पेशी. हिरवे झालेले फूल निरोगी असू शकते. तपकिरी झालेला भाग पुन्हा पांढरा कधीच होत नाही, मग उपाय कितीही अचूक असो.

फुलाचे वय

पहिल्या तपासणीला एक दोऱ्याचा तुकडा पुरतो. नवा कोंब उमलला की त्या दिवशी देठाला सैलसर दोरा बांधावा आणि दिनदर्शिकेवर तारीख लिहावी. साधारणपणे फूल तीन ते चार आठवडे पांढरे राहते आणि त्यानंतर हिरवट होऊ लागते. दोऱ्याची तारीख महिन्याच्या पुढे गेली असेल, हिरवेपणा सारखा पसरला असेल आणि पाने तजेलदार असतील, तर झाडाला काहीही झालेले नाही आणि पुढची एकही तपासणी करण्याची गरज नाही.

इंदिरानगरमधील एका काकूंनी या एका कारणासाठी वर्षभरात तीन वेगवेगळी खते घातली होती. कुंडीतील फुले जसजशी उमलतील तसतसे त्यांना बांधण्यासाठी मी पाच रंगांचे दोरे दिले. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच दाखवले की सर्वांत जुन्या, लाल दोऱ्याचे फूल पूर्ण हिरवे होते, पिवळ्या दोऱ्याचे निम्मे हिरवे होते आणि सर्वांत शेवटी उमललेले, निळ्या दोऱ्याचे फूल पांढरे होते. क्रम वयाप्रमाणे लागला की कारण वय हेच असते. सर्व फुलांचा रंग एकाच आठवड्यात बदलला असता तर कारण बाहेर शोधावे लागले असते.

हिरवे फूल कुंडीत ठेवले तरी चालते. नको असल्यास मात्र फक्त वरचा भाग न खुडता देठ बुडख्याशी, मातीजवळ, स्वच्छ कात्रीने कापावा. अर्धा देठ ठेवला तर तो कुजत जातो आणि पावसाळ्यात ती कूज आत शिरण्याची शक्यता असते.

वयानुसार रंग बदलणे हा अनेक पांढऱ्या फुलांचा स्वभाव आहे. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, पुढे गुलाबी आणि मग लाल होते. अनंताचे फूल मलईसारखे पिवळे पडते, आणि स्थलकमळ सकाळी पांढरे असून संध्याकाळपर्यंत गुलाबी होते. कुंडीत यांपैकी एखादे झाड असेल तर रंग बदलला म्हणून काहीही करू नये.

जागा आणि उजेड

दुसऱ्या तपासणीलाही खर्च नाही, फक्त एक दिवस लक्ष ठेवावे लागते. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता झाडावर तळहात धरून त्याची सावली पाहावी. सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर झाडावर थेट ऊन पडत आहे. सावली पुसट असेल तर उजेड योग्य आहे. सावली दिसतच नसेल आणि दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येत नसेल तर उजेड कमी आहे.

पीस लिली मध्य अमेरिका आणि कोलंबियातील पावसाळी जंगलांत मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारी वनस्पती आहे, त्यामुळे तिला थेट ऊन सोसत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारे चारनंतरचे तिरपे ऊन काचेवाटे थेट फुलावर पडते. एकाच बाजूला पडणारा कागदी तपकिरी डाग हा त्याचाच परिणाम असतो. कुंडी खिडकीपासून तीन-चार फूट आत घ्यावी किंवा पातळ पांढरा पडदा लावावा. महिना संपेपर्यंत फरक दिसतो, पण तो नव्या फुलांवरच दिसतो.

उजेड फार कमी असेल तर फुले थोडी येतात, आकाराने लहान राहतात आणि हिरवट उमलतात. जिन्याखाली किंवा लिफ्टशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुंड्यांत हे नेहमी दिसते. अशा झाडाला खत देऊन उपयोग होत नाही, कारण अन्न तयार करण्यासाठी लागणारा उजेडच त्याला मिळत नसतो.

पाणी किती आणि केव्हा

बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. तेवढ्या खोलीवर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पीस लिली तहानली की सगळी पाने एकदम खाली टाकते आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा उभी राहते, त्यामुळे तिला मुद्दाम मान टाकू द्यावी असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही. प्रत्येक वेळी मान टाकताना फुलाच्या कडा थोड्या वाळतात आणि तीन-चार वेळा असे झाले की पांढऱ्या फुलाला तपकिरी किनार येते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. माती ओली असताना झाडाने मान टाकली असेल, तर मात्र आणखी पाणी देऊ नये आणि थेट मुळांच्या तपासणीकडे जावे.

पाणी कोणते

तपकिरी टोके आणि तपकिरी कडा यांचे कारण मला सर्वाधिक वेळा येथे सापडले आहे, म्हणून या तपासणीला घाई करू नये.

आधी कुंडीची बाहेरची बाजू, तळाची छिद्रे आणि मातीचा पृष्ठभाग पाहावा. पांढरट, खडूसारखा थर दिसला, नखाने खरवडल्यावर त्याची पूड पडली, तर मातीत क्षार साचले आहेत. झाड मुळांवाटे पाणी घेते, ते पाणी पानांच्या आणि महाछदाच्या टोकांपर्यंत पोचते आणि तेथून त्याची वाफ होऊन जाते, पण क्षारांची वाफ होत नाही. ते टोकाशीच साठत जातात आणि तेथील पेशी मरतात. म्हणूनच तपकिरी रंग नेहमी टोकापासून सुरू होतो आणि कडांनी खाली उतरतो. मध्येच, शिरांच्या अधेमधे डाग पडले असतील तर कारण क्षार नसून दुसरे काही आहे.

त्यानंतर झाडाला नेमके कोणते पाणी दिले जाते ते घरातील पाणी घालणाऱ्या व्यक्तीलाच विचारावे. मी तीन प्रश्न विचारते. पाणी महापालिकेच्या नळाचे आहे, बोअरचे आहे की दोन्ही एकत्र केलेले आहे? इमारतीत पाणी मृदू करणारे यंत्र बसवले आहे का? आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घातले जाते का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा होकारार्थी असते, आणि पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूनेच तसे केलेले असते. परंतु आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच सोडते. निम्मे पाणी शुद्ध होऊन बाजूला गेले, तर उरलेल्या निम्म्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्याच्या जवळजवळ दुप्पट होते. ते पाणी फरशी पुसायला आणि शौचालयात वापरायला चांगले आहे. पीस लिलीच्या कुंडीत ते घालू नये. पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचे पाणीही टाळावे, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येतो आणि तो मुळांना अधिक त्रासदायक असतो.

क्षार मोजण्याचे टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळते आणि सोसायटीत एक असले तरी सर्वांना पुरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. ही मर्यादा माणसांसाठी आहे. पीस लिलीसाठी मी ३०० च्या आतील पाणी वापरते आणि ५०० च्या वर गेले की ते पाणी बंद करते. आमच्या इमारतीत गंगापूर धरणातून येणारे महापालिकेचे पाणी या मर्यादेत सहज बसते, तर बोअरचे पाणी बसत नाही. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडले की टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते, आणि म्हणूनच फुलांच्या कडा तपकिरी होण्याच्या तक्रारी एप्रिलनंतर वाढतात. त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला हा प्रश्न यासाठी महत्त्वाचा आहे.

पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवल्याने क्लोरीन बऱ्याच अंशी निघून जातो, हे खरे आहे. परंतु क्षार आणि फ्लोराइड त्याने कमी होत नाहीत. उकळल्याने तर वाफ जाऊन उरलेले क्षार अधिकच दाट होतात.

साचलेले क्षार काढण्यासाठी कुंडी न्हाणीघरात नेऊन, ताटली काढून, मातीच्या आकारमानाच्या दुप्पट चांगले पाणी हळूहळू ओतावे. आठ इंची कुंडीला आठ ते दहा लिटर पाणी लागते. ते एकदम न ओतता तांब्याने, थांबून थांबून, अर्ध्या तासात ओतावे, म्हणजे पाणी कडेच्या फटीतून निसटून न जाता मातीतून झिरपते. पहिल्यांदा निथळणारे पाणी चहाच्या रंगाचे असते आणि शेवटी ते जवळजवळ स्वच्छ येते. कुंडी पूर्ण निथळल्याशिवाय जागेवर ठेवू नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम पावसावर सोपवावे: रिमझिम असताना कुंडी दोन-तीन तास बाल्कनीत ठेवावी. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात आणि त्यानंतर आलेली फुले किती स्वच्छ पांढरी असतात हे पाहूनच या कारणाची खात्री पटते.

खत

नवे फूल उमलतानाच हिरवे असेल आणि उजेड योग्य असेल, तर पुढचा प्रश्न खताचा असतो. नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झाले की झाड पानांकडे आणि हरितद्रव्याकडे झुकते, पाने मोठी व गडद होतात आणि महाछदही पानासारखाच हिरवा राहतो. नाशिकमध्ये या चुकीचे एक ठरलेले रूप आहे. कोणाचा तरी निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात द्राक्षाचा मळा असतो, तेथून १९:१९:१९ या, नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेल्या खताची उरलेली पिशवी घरी येते आणि चमचाभर खत थेट कुंडीत पडते. त्या पिशवीवरील प्रमाण एकरी पिकाचे असते. घरातील पीस लिली मंद वाढणारी आणि अल्पाहारी वनस्पती आहे. तिला लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, दीड महिन्यातून एकदा, तेही ओल्या मातीत आणि फक्त मार्च ते ऑक्टोबर या काळात दिलेले पुरते. गांडूळखत देत असाल तर वर्षातून दोन वेळा मूठभर पुष्कळ झाले आणि मग दुसरे काही देऊ नये.

खत जास्त झाल्याची शंका असेल तर तीन महिने खत पूर्ण थांबवावे आणि वर सांगितल्याप्रमाणे कुंडी धुऊन घ्यावी. त्यानंतरचे दुसरे किंवा तिसरे फूल पांढरे उमलले तर निदान बरोबर होते. कडा तपकिरी होत असतील तर सिंगल सुपर फॉस्फेट हे खत टाळावे, कारण त्यात फ्लोराइड असते आणि फ्लोराइड पानांच्या टोकांशी साठते.

येथे रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांविषयी सांगितले पाहिजे. द्राक्षाचे मणी लांबवण्यासाठी बागायतदार जे जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, वापरतात, तेच मोठ्या रोपवाटिका पीस लिलीला एकाच वेळी भरपूर फुले आणण्यासाठी फवारतात. अशा झाडाची पहिली फुले संपली की पुढे बरेच महिने फूल येत नाही, आणि कधी पहिली फुले अरुंद किंवा पिळवटलेली असतात. हा रोग नाही. मात्र मळ्यातील जीए घरच्या कुंडीवर फवारून पाहू नये. प्रमाण थोडे चुकले तरी फुले विद्रूप होतात.

थंडी

डिसेंबर आणि जानेवारीत नाशिकमध्ये रात्रीचे तापमान दहा अंशांखाली जाते आणि निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात बातमीत असतो. पीस लिलीला अठरा ते सत्तावीस अंश मानवतात आणि बारा अंशांखाली तिच्या पेशींना इजा होऊ लागते. एका रात्रीत पडलेले, पाणी मुरल्यासारखे दिसणारे आणि नंतर काळे होणारे डाग या इजेचे असतात. रात्री खिडकी उघडी होती का आणि फूल काचेला टेकले होते का, हे आठवून पाहावे. काचेला टेकलेल्या भागावरच डाग असेल तर दुसरे कारण शोधायला नको. कुंडी आतल्या भिंतीशी न्यावी, सकाळी दहानंतर आणि कोमट नव्हे तर खोलीच्या तापमानाचे पाणी द्यावे, आणि काळी पडलेली पाने फेब्रुवारीपर्यंत कापू नयेत, कारण अर्धे निरोगी पानही झाडाला अन्न देत असते.

फुलकिडे

चंदेरी ओरखडे दिसले तर पांढरा कागद फुलाखाली धरून दांड्यावर बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात. कागदावर एक-दीड मिलिमीटर लांबीचे, पिवळसर किंवा काळपट, रेघेसारखे बारीक किडे चालताना दिसले तर ते फुलकिडे आहेत. ते पृष्ठभाग खरवडून रस शोषतात, रिकाम्या पेशींत हवा भरते आणि म्हणून तो भाग आधी चंदेरी दिसतो व मग तपकिरी होतो. कागदावर फक्त पांढरी पूड पडली तर तो पराग आहे.

किडलेली सर्व फुले कापून पिशवीत बांधून बाहेर टाकावीत. निम्मी कीड तेवढ्यानेच जाते. कुंडीजवळ निळा किंवा पिवळा चिकट सापळा लावावा आणि एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा फवारावे. आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी. उमललेल्या पांढऱ्या फुलावर तेल फवारू नये, त्याचेच डाग पडतात. मळ्यातील कीटकनाशके बंद खोलीत वापरणे धोक्याचे आहे आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

मुळे

ही तपासणी शेवटी ठेवण्याचे कारण म्हणजे झाड उपटल्यावर त्याला सावरायला महिना लागतो. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल किंवा मातीला कुबट वास येत असेल तरच ती करावी.

कुंडी आडवी करून, बुडखा बोटांमध्ये धरून, मातीचा गोळा अलगद बाहेर सरकवावा. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर असतात आणि चिमटीत घट्ट लागतात. कुजलेले मूळ तपकिरी असते आणि हलके ओढले तर वरची साल मोज्यासारखी हातात येऊन आत फक्त दोरा उरतो. अशी मुळे निरोगी भागापर्यंत कापावीत आणि प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि जाड वाळू किंवा पेरलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांच्या भुसभुशीत मिश्रणात झाड लावावे. कोकोपीट आधी दोन वेळा धुऊन घ्यावे, कारण त्यातही क्षार असतात. आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नये. ती ओली असताना हवा कोंडते आणि कोरडी झाली की भेगाळून मुळे तोडते. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटेच मोठी असावी.

मुळे पांढरी आहेत पण कुंडीत गोल गोल वेटोळे घालून दाटली आहेत, असे दिसले तर एक आकार मोठी कुंडी द्यावी आणि दुसरे काही करू नये.

कोठे थांबावे

बुडख्याचा गाभा दाबल्यावर मऊ लागला, देठ बुडाशी तपकिरी होऊन सहज निसटू लागले किंवा एकापाठोपाठ दोन-तीन कुंड्यांत हेच दिसू लागले, तर घरगुती उपाय त्याच दिवशी थांबवावेत. पीस लिलीला सिलिंड्रोक्लॅडियम या बुरशीमुळे होणारी मुळांची आणि देठांची कूज फार वेगाने मारते आणि ती पाण्यावाटे शेजारच्या कुंडीत जाते. अशी कुंडी ताबडतोब वेगळी करावी, तिची माती दुसरीकडे वापरू नये आणि झाड वाचवण्याचा हट्ट धरू नये. झाडे जास्त असतील, म्हणजे सोसायटी, कार्यालय किंवा छोटी रोपवाटिका असेल, तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे असे केंद्र आहे. पाणी बदलूनही दोन महिन्यांत नव्या फुलांच्या कडा तपकिरीच येत असतील, तर पाण्याची आणि मातीची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. मीटर क्षार किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही.

झाडाच्या आरोग्याशी संबंधित नसलेली, पण याहून तातडीची एक गोष्ट आहे. कच्चे अळू ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या कणांमुळे घशाला खाजवते, तेच कण पीस लिलीच्या पानांत, देठांत आणि फुलांत असतात. लहान मुलाने किंवा घरातील मांजर-कुत्र्याने ते चावले तर तोंडातील तुकडे काढून तोंड पाण्याने धुवावे. ओठ किंवा जीभ सुजली, लाळ गळू लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर घरगुती उपाय न करता मुलाला लगेच डॉक्टरांकडे आणि प्राण्याला पशुवैद्यांकडे न्यावे.

कृषी विज्ञान केंद्रात किंवा जाणकाराकडे जाताना फक्त तपकिरी फूल नेऊ नये. एक जुने आणि एक नवे फूल, बुडख्याजवळचे एक पान, मुळांचा छोटा तुकडा कागदात गुंडाळून, झाडाला देत असलेले पाणी अर्धा लिटर स्वच्छ बाटलीत, आणि गेल्या तीन महिन्यांत कोणते खत किती तारखेला घातले याची चिठ्ठी, एवढे बरोबर घ्यावे.